ब्लँकच झिंगलेला निघाला

'झिंक-टीपीपी आणि इथेनॉल, पुढच्या शनिवारी आलेख टाकतो' असं गेल्या वेळी मोठ्या तोंडानं लिहिलं होतं. त्याला चार शनिवार उलटले. आलेख अजून नाही, रडगाणं आहे.

झिंक-टीपीपी म्हणजे पोर्फिरिन या कड्यासारख्या रेणूत झिंक बसवलेला जांभळा रंग. इथेनॉल घातल्यावर त्याचा रंग किती बदलतो ते मोजायचं होतं. हिशेब साधा होता. झिंकला चार नायट्रोजननी मधोमध धरलेलं, पाचवी जागा मोकळी. अल्कोहोलचा ऑक्सिजन तिथं टेकला की क्यू-पट्टे (हा रंग दृश्य उजेड शोषतो त्या जागा) जरा लाल बाजूला सरकतात आणि ६०० नॅनोमीटरजवळचा पट्टा शेजाऱ्याच्या मानानं उंचावतो. (सोरे पट्ट्याचा, म्हणजे ४२० नॅनोमीटरजवळच्या सर्वांत ठळक पट्ट्याचा, नाद मी सोडलाय. पांढऱ्या एलईडीत ४२० ला उजेडच नसतो, आणि डीव्हीडीच्या तुकड्यावर केलेल्या स्पेक्ट्रोमीटरकडून मागायचं तरी किती!) पण क्लोरोफॉर्ममधल्या ३ मिलि द्रावणात २० मायक्रोलिटर इथेनॉल घातलं तरी ब्लँक (इथेनॉल न घातलेलं द्रावण) आणि नमुना जुळे भाऊ. क्युव्हेट बदलली, दिवा बदलला, मायक्रोपिपेटवर संशय घेतला. ती बिचारी निर्दोष निघाली.

तिसऱ्या शनिवारी बाटली उचलताना लेबलाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत दिसलं: स्थिरक इथेनॉल, सुमारे १%.

उजेडानं क्लोरोफॉर्मचं फॉस्जीन हा विषारी वायू होऊ नये म्हणून तो गडद बाटलीत ठेवतात, हे मी दरवर्षी बारावीला घसा फोडून सांगतो. त्याच कारणासाठी त्यात इथेनॉलही घालतात, हे मात्र डोक्यातून साफ गेलं होतं. १% म्हणजे ०.१७ मोलर. माझं पोर्फिरिन ५० मायक्रोमोलर. म्हणजे एकेका झिंकमागे इथेनॉलचे ३,४०० रेणू आधीपासूनच गोळा झालेले, आणि मी त्या गर्दीत आणखी थोडे ढकलत होतो.

मग कॉलेजच्या फ्यूम हूडमध्ये धुलाई: सेपरेटिंग फनेलमध्ये पाच वेळा पाणी, नंतर रात्रभर कॅल्शियम क्लोराइड. दुसऱ्या दिवशी तेच २० मायक्रोलिटर घातले आणि पट्टा हलला! वेबकॅमच्या चित्रात नुसत्या डोळ्यांना कळेल इतका. घरी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "येताना कोथिंबीर आणा."

मंगळवारी पाहतो तर खिडकीतला फ्लास्क हिरवा. स्थिरक काढला, क्लोरोफॉर्मनं उजेडात आम्ल सोडलं. बेकिंग सोड्याच्या पाण्याबरोबर हलवल्यावर जांभळा रंग परत आला, पण दोनाच्या जागी चार क्यू-पट्टे. म्हणजे झिंक पसार, हातात नुसतं टीपीपी. अख्खं द्रावण टाकाऊ हॅलोजनच्या डब्यात गेलं. कुणी धुतलेला क्लोरोफॉर्म वापरणार असाल तर त्याच दिवशी वापरा, साठवू नका. हिरव्या रंगापेक्षा फॉस्जीनची भीती मोठी. इथेनॉलऐवजी अमिलीन हा दुसरा स्थिरक घातलेला क्लोरोफॉर्म मिळतो, पण आमचा पुरवठादार सहा आठवडे सांगतो आणि किंमत अशी दबक्या आवाजात सांगतो की मीच ओशाळतो.

पुढचा बेत टोल्युईनचा होता. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय, द्रावण हवंच कशाला? इलिनॉय विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ सस्लिक यांच्या गटानं २००० मध्ये धातू-पोर्फिरिनचे ठिपके टीएलसी प्लेटवर (सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर) देऊन, त्यांच्या बदलत्या रंगांवरून वास साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर 'पाहिले' होते. त्यांची सिलिका रिव्हर्स-फेज, पाण्याला दूर ठेवणारी. माझ्या साध्या सिलिकावरचे ठिपके मागे जुलैत नुसत्या दमट हवेनंच रंग बदलत बसले होते. माझं स्पष्ट मत: स्वस्त प्लेटांवर आपल्या हवेत पैसे घालू नका.

आणि पाण्याला दूर ठेवणारी वस्तू तर घरात पडलीय: नळाच्या आट्यांना गुंडाळायची टेफ्लॉन टेप!

आत्ताच उठून काचपट्टीवर दोन थर ताणून बसवलेत. ठिपके उद्या कॉलेजात देईन. स्कॅनरचं आपोआप रंग सुधारणं आधी बंद करायचं, हे यावेळी पाटीवर लिहून ठेवलंय. पहिली वाफ मात्र इथेनॉलची नाही, साध्या पाण्याची देणार.