तुम्ही विचारलेत म्हणून : माथेरानला घोड्यावर बसावे की नाही?

मी पुण्याजवळ घोडेस्वारी शिकवते हे कळले, की नवख्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, पडल्यावर किती लागते. दुसरा प्रश्न अधिक अवघड असतो आणि तो बहुधा माथेरानला जाऊन आलेल्या किंवा जायला निघालेल्या माणसांकडून येतो : तिथे घोड्यावर बसावे का, की बसणे हाच मुळात त्या मुक्या प्राण्यावर अन्याय आहे? ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हापासून हा प्रश्न मला जास्त वेळा ऐकू येतो. माणसाने माणसाला ओढणे जर मानवी प्रतिष्ठेला धक्का लावणारे असेल, तर घोड्याने माणसाला वाहणे आपण कसे चालवून घेतो, असा त्यामागचा तर्क आहे. त्या तर्कात खोट नाही. तो अर्ध्यावर थांबतो, एवढेच. हातरिक्षा ओढणाऱ्याच्या हाती ई-रिक्षा देता येते आणि त्याची मान मोकळी होते, परंतु घोड्याला दुसरा व्यवसाय देता येत नाही. त्याचे काम थांबले, की त्याच्या वैरणीचा हिशेब कोणाच्या वहीत लिहायचा, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

माझे उत्तर 'बसावे, पण अटींवर' असे आहे. त्या अटी समजण्यासाठी घोडा शिकतो कसा, हे आधी समजून घ्यावे लागेल.

घोड्याला माणसाळवण्याविषयी प्रेम, विश्वास, नाते अशा शब्दांत पुष्कळ बोलले जाते आणि त्यात काही प्रमाणात तथ्यही आहे. परंतु स्वारीचे घोडे जगभर प्रामुख्याने एकाच तत्त्वावर शिकवले जातात : किंचित दाब द्यायचा आणि घोड्याने अपेक्षित हालचाल केली, की तो दाब त्याच क्षणी काढून घ्यायचा. स्वार पोटरी घोड्याच्या बरगडीला लावतो, घोडा पुढे पाऊल टाकतो, पोटरी दूर होते. लगाम किंचित आवळतो, घोडा थांबतो, लगाम सैल होतो. ज्या कातडीला बसलेली माशी कळते आणि तेवढा भाग थरथरवून ती उडवता येते, त्या कातडीला हा इशारा समजावा म्हणून टाच मारण्याची गरज नसते. घोडा दाबातून शिकत नाही, दाब संपण्यातून शिकतो. म्हणून शिकवणाऱ्याचे सारे कसब दाब किती द्यावा यापेक्षा तो केव्हा सोडावा यात असते. मानेवर खाजवणे, मूठभर चंदी म्हणजे दाणा देणे यांचाही उपयोग होतो आणि मी ते भरपूर करते. परंतु पाठीवर बसल्यानंतरचा बहुतेक संवाद गैरसोय देण्याचा आणि ती काढून घेण्याचाच असतो, हे प्रामाणिकपणे मान्य केलेले बरे.

मग दाब कधीच निघाला नाही, तर काय होते? आमच्याकडे एक मध्यमवयीन गृहस्थ शिकायला येत. अभ्यासू, शांत, घोड्यांविषयी मनापासून आस्था असलेले. त्यांना चंद्रा नावाची घोडी दिली होती. दुडक्या चालीत तोल जाऊ लागला, की ते नकळत लगामाला लोंबकळत. चंद्राने आधी तोंड उघडले, मग मान वर ताणली, मग शेपटीचे फटकारे सुरू झाले, आणि तरीही तोंडातला ताण जाईना तेव्हा ती मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. गृहस्थ म्हणाले, "ही फार हट्टी आहे हो." मी त्यांना लगाम पूर्ण सोडून खोगिराचा पुढचा कंगोरा धरायला सांगितले. दोन फेऱ्यांत घोडीचे तोंड मिटले आणि मान खाली आली. लगाम ज्याला जोडलेला असतो ते तोंडातले लोखंडी कडियाळे घोड्याच्या जिभेवर आणि पुढच्या व मागच्या दातांमधल्या मोकळ्या हिरडीवर टेकते. तिथे हाडावर कातडीचा पातळ थर तेवढा असतो. ज्याला आपण हट्ट म्हणतो तो पुष्कळदा दुखण्याचा अर्ज असतो आणि तो फेटाळला गेला, की पुढच्या वेळी अधिक कडक कडियाळे, तोंडाभोवतीचा पट्टा म्हणजे मोहरकी अधिक घट्ट आणि अधिक लांब चाबूक येतो.

घोड्याचे दुखणे वाचता येते, ही माझी वैयक्तिक समजूत नाही. ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली स्वाराखाली दिसणाऱ्या 24 वर्तनांची यादी मांडली : कान मागे पाडून ठेवणे, तोंड उघडून दात दिसू देणे, जीभ बाहेर काढणे, रोखलेली ताठर नजर, शेपटीचे फटकारे इत्यादी. त्यांपैकी आठ किंवा अधिक दिसली, तर हाडे, सांधे वा स्नायू दुखत असण्याची शक्यता बरीच मोठी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ही यादी वाचताना मला वाटले, की आपल्याकडचे जुने मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, यातले निम्मे तरी न वाचता ओळखत असत. फक्त त्यांना कोणी विचारत नसे.

आता माथेरानला येऊ. दस्तुरी नाक्यापुढे खासगी वाहनांना बंदी असल्यामुळे तिथे घोडा हे पर्यटकांचे मनोरंजन तर आहेच, पण वाहतुकीचे साधनही आहे. बाजारपेठेपर्यंतचे सामान वर्षानुवर्षे माणसांच्या डोक्यावरून, हातगाड्यांवरून आणि घोड्यांच्या पाठीवरून गेले. लाल मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवायला घोडेवाल्यांनी विरोध केला, तो वाद न्यायालयापर्यंत गेला. त्यांचे म्हणणे होते, की उतारावर या ठोकळ्यांवरून नाल मारलेला पाय घसरतो. त्यांच्या या विरोधात धंद्याचे राजकारण असेलही, परंतु ओल्या गुळगुळीत उतारावर नालाची पकड जाते, हे ज्याने घोडा हाताने धरून उतरवला आहे त्याला पटवून द्यावे लागत नाही. उभ्या घोड्याच्या शरीराचे साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायांवर असते, उतारावर ते आणखी वाढते आणि वर बसलेला नवखा माणूस घाबरून पुढे झुकला, की तोही भार तिथेच पडतो.

वजनाचा मुद्दा लोकांना आवडत नाही, तरी तो टाळता येत नाही. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांहून अधिक भार नसावा, असा एक ढोबळ दंडक आहे. अमेरिकेतील ओहायोमधल्या संशोधकांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ घोड्यांवर वाढता भार ठेवून पाहिला, तेव्हा पंचवीस आणि तीस टक्क्यांना हृदयाचे ठोके आणि स्नायूंचे दुखणे स्पष्ट वाढलेले दिसले. अभ्यास लहान आहे, परंतु दिशा कळायला पुरेसा आहे. आपल्याकडचे भाड्याचे टट्टू बरेचदा तीनशे किलोंच्या आसपास भरते. त्याच्या हिशेबाने साठ किलो होतात, तेही खोगिरासकट. आपल्या देशात ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 साली केलेले नियम आहेत आणि त्यांत टट्टूच्या पाठीवरील ओझ्याची मर्यादा 70 किलो आहे. दिवसभरात नऊ तासांहून अधिक काम नको, सलग पाच तासांहून अधिक नको, तापमान 37 अंशांवर जाणाऱ्या भागात दुपारी बारा ते तीन काम नको आणि काटे असलेले कडियाळे तर मुळीच नको, हेही त्याच नियमांत आहे. साठ वर्षांपूर्वीच्या सरकारी कागदात एवढी समज होती, याचे मला आजही आश्चर्य वाटते. अंमलबजावणीबद्दल मात्र तेवढे चांगले बोलता येत नाही, कारण काटेरी कडियाळी लग्नाच्या वरातीतल्या घोड्यांच्या तोंडात आजही सापडतात.

वरातीचा घोडा हा मला माथेरानच्या घोड्यापेक्षा अधिक काळजीचा विषय वाटतो. कानाशी ताशे, पायाशी फटाके, डोळ्यांवर झगमगते दिवे आणि पाठीवर कधीही घोड्यावर न बसलेला नवरदेव, अशा गदारोळात जो घोडा पुतळ्यासारखा उभा राहतो त्याचे लोक कौतुक करतात. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. तो हलत नाही याचा अर्थ तो निवांत आहे असाच होत नाही. काही केले तरी सुटका नाही हे वारंवार कळलेले जनावरही असेच उभे राहते. दोन्हींतला फरक कानांत, नाकपुड्यांत आणि डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांत दिसतो, आणि वरातीत तिकडे पाहायला कोणाला सवड नसते.

हे सारे गरिबीमुळे आणि अडाणीपणामुळे होते, असेही कोणी समजू नये. 2021 साली झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये आधुनिक पेंटॅथलॉन या, घोडेस्वारीसह पाच प्रकारांच्या खेळात आघाडीवर असलेल्या जर्मन खेळाडूला चिठ्ठीने मिळालेला अनोळखी घोडा उडी मारायला तयार होईना. खेळाडू रडत चाबूक मारत राहिली आणि तिच्या प्रशिक्षिकेने कुंपणाबाहेरून घोड्याला ठोसा मारला. त्या खेळात घोड्याशी ओळख करून घ्यायला वीस मिनिटे मिळत. हे दृश्य जगाने पाहिले आणि 2024 च्या पॅरिसनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकण्यात आली. जगातले उत्तम पशुवैद्य आणि उत्तम तबेले हाताशी असताना वीस मिनिटांत जे साधले नाही, ते दस्तुरी नाक्यावर दोन मिनिटांत साधावे अशी आपली अपेक्षा असते. ते पुष्कळदा साधतेही, कारण घोडा ज्याला ओळखतो तो घोडेवाला पुढे चालत असतो. म्हणूनच लगाम तुमच्या हातात देऊन घोडेवाला मागे राहिला, तर त्याला पुढे बोलवा.

'मग कोणी बसूच नये, धंदा आपोआप बंद पडेल,' असे सांगणारे भेटतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु घोडा रोज आपल्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास कोरडी वैरण खातो, म्हणजे तीनशे किलोंच्या टट्टूला सहा किलो, गिऱ्हाईक आले तरी आणि नाही आले तरी. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते, त्यामुळे पोट दीर्घकाळ रिकामे राहिले, तर व्रण होतात. उत्पन्न घटले, की आधी चंदी कमी होते, मग नालबंदाची फेरी लांबते आणि शेवटी पशुवैद्य बंद होतो. घोडा विकला जातो तो त्यानंतर, आणि विकत घेणारा बहुधा आधीच्याहून गरीब असतो. बंदी आणायचीच, तर तिच्याबरोबर घोड्यांचे काय करायचे याचा पैसाही आणावा लागतो. उलट, धंदा तेजीत असतानाही जनावराचे हाल होतातच, कारण दर फेरीमागे पैसे मिळत असतील, तर सुट्टीच्या रविवारी जास्तीची एक फेरी मारण्याचा मोह पावसाळ्यातल्या रिकाम्या आठवड्यांच्या आठवणीने होतो. मला यात घोडेवाल्याचा दुष्टपणा फारसा दिसत नाही. कमी फेऱ्यांना जास्त पैसे द्यायची तयारी नसलेले आपण पर्यटक त्या हिशेबात पुरते सामील असतो आणि परतीच्या वाटेवर पन्नास रुपयांसाठी घासाघीस करून वर 'घोडा किती खंगलाय' असेही म्हणतो.

घोड्याला स्वतःला काय वाटते? नॉर्वेतील संशोधकांनी 2016 साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी 23 घोड्यांना फळ्यांवरील चिन्हे शिकवली : एक झूल घालण्यासाठी, एक काढण्यासाठी, एक आहे तसेच राहू देण्यासाठी. घोडे नाकाने फळीला स्पर्श करून निवड सांगू लागले आणि थंड, ओल्या दिवशी झूल मागू लागले. याचा अर्थ घोड्याला मत असते आणि विचारण्याची रीत सापडली, तर तो ते सांगतो. खोगिराबद्दल असे फळे लावून मी विचारू शकत नाही, परंतु खोगीर घेऊन गेल्यावर जो घोडा तोंड फिरवतो किंवा तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना चावायला येतो, त्याची पाठ आणि पोट तपासले जाते आणि कारण सापडेपर्यंत त्याच्यावर कोणी बसत नाही. त्या दिवशी फी भरून आलेला विद्यार्थी खरारा करतो, खूर साफ करतो आणि काही वेळा नाराज होऊन घरी जातो. या नाराजीची किंमत मी दरमहा मोजते, त्यामुळे फुकटची तत्त्वे सांगते आहे असे कोणी म्हणू नये.

तेव्हा माथेरानला गेलात तर एवढे करा. ठरवण्याआधी घोडेवाल्याला खोगिराखालची गादी उचलून पाठ दाखवायला सांगा. मानेच्या मुळाशी, जिथे खोगिराचा पुढचा भाग टेकतो, तिथे आणि पुढच्या पायामागे तंगाच्या जागी जखम किंवा केस गेलेला चट्टा नाही ना, हे पाहा. तोंडाचे कोपरे फाटलेले नसावेत, चालताना मान एका बाजूच्या पावलाला झटका देऊन खालीवर होत नसावी. तुमचे वजन खोगिरासकट साठच्या वर जात असेल, तर लहान चणीच्या टट्टूवर बसू नका. मुलाला बसवा आणि स्वतः बाजूने चाला. बसलात, तर हात लगामावर नको, खोगिरावर ठेवा आणि तीव्र उतार आला, की खाली उतरा. पूर्ण फेरीचे पैसे ठरवून निम्मी फेरी पायी केलीत, तर घोडेवाल्याची काही हरकत नसते, थोडा चक्रावतो एवढेच.

ज्याची जनावरे चांगली आहेत तो पाठ दाखवायला नाही म्हणत नाही. उलट गादी उचलून झाली, की घोड्याचा बाप कुठल्या बाजारातून आणला इथपासून सारी कहाणी ऐकवतो, आणि ती ऐकण्यासारखी असते. जो दाखवत नाही, त्याच्याशी वाद घालू नका. दस्तुरीपासून बाजारपेठ तीन किलोमीटरांच्या आतच आहे, अमन लॉज स्थानकापासून छोटी रेल्वेगाडीही मिळते, आणि झाडांच्या सावलीतून रुळांच्या कडेने जाणारी ती वाट पायी चालायला चांगली आहे.