वार सरकली म्हणजे काय झालं?

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाई स्क्रीनवर एका करड्या पट्ट्याशी थांबल्या. "ही वार. जरा खाली आहे." वार म्हणजे प्लॅसेंटा, गर्भाशयाला चिकटलेली, नाळेतून बाळाला पोसणारी. गर्भाशयाच्या तोंडापासून ९ मिलिमीटर. २० पेक्षा कमी असेल तर पुन्हा बघावं लागतं.

आधी पोटावरून बघितलं होतं, तेही तांब्याभर पाणी पिऊन. मग त्या म्हणाल्या, "लघवी करून या, आतून बघू." मूत्राशय भरलं की गर्भाशयाचा खालचा भाग दाबला जातो आणि वार आहे त्याहून खाली वाटते. आतून तपासताना रक्त जाईल अशी मला भीती होती. पण ती नळी गर्भाशयाच्या तोंडाच्या आत जातच नाही, अलीकडेच थांबते.

घरी सासूबाई म्हणाल्या, "सरकंल गं वर, घाबरू नगंस." त्यांचं बरोबर निघालं, कारण मात्र वेगळं. वार काही चालत जात नाही. गर्भाशयाचा खालचा भाग ताणून लांबतो, म्हणून अंतर वाढतं. (हे सांगितल्यावर "तेच की!" हे उत्तर मिळालं.)

रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, तडक दवाखान्यात यायचं, ही ताकीद होतीच. ते बारा आठवडे नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसायला मीच तयार नव्हते.

बत्तिसाव्या आठवड्यात ३१ मिलिमीटर! डॉप्लरवर नाळेतल्या रक्तप्रवाहाच्या आलेखाचे डोंगरही नीट उमटले. येताना रिक्षा रंकाळ्याकडे वळवली. भेळ तिखटच सांगितली.