नवी डिस्क लावतानाच दुसरी का जाते?

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीत ४ टीबीच्या चार डिस्कचा रेड-५ आहे, म्हणजे चारही डिस्कचा मिळून एकच गट, ज्यातली एक गेली तरी डेटा वाचतो. वापरायला १२ टीबी मिळतात, एका डिस्कएवढी जागा पॅरिटीत जाते. पॅरिटी म्हणजे वहीतली बेरीजच. तीन आकडे आणि खाली बेरीज असली की कुठलाही एक आकडा पुसला तरी बाकीच्यांवरून काढता येतो. दोन पुसले की संपलं.

डिस्क गेली की सगळे घाबरतात, पण खरा धोका नवी लावल्यावर सुरू होतो. ती भरायला उरलेल्या तिन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. सेकंदाला १५० एमबी वेग धरला तरी साडेसात तास, आणि त्यात बिलिंग चालू असेल तर कितीतरी जास्त. वर्षानुवर्षं न उघडलेल्या फाइलींखाली दडलेला खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा वाचता न येणारा छोटा तुकडा, नेमका याच वेळी वर येतो. म्हणून महिन्यातून एकदा पूर्ण गटाची तपासणी झालीच पाहिजे. पॅरिटी शाबूत असताना सापडलेला खराब सेक्टर तिथल्या तिथे पुन्हा लिहून दुरुस्त होतो.

दुसरं कारण स्वस्त डेस्कटॉप डिस्क. खराब सेक्टरवर ती मिनिटभर किंवा जास्तही झगडत बसते. मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स असेल तर ती ३० सेकंद थांबते, मग डिस्क जोडणारा कंट्रोलर रिसेट होतो आणि चांगली चाललेली डिस्क गटाबाहेर फेकली जाते. नॅससाठीची, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवण-पेटीसाठी बनवलेली डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करते, तेच इथे हवं असतं. एसएमआर डिस्क, म्हणजे एकावर एक चढलेल्या पट्ट्यांत लिहिणारी, तर घेऊच नका, भरताना वेग पार बसतो.

डिस्क अजून जिवंत आहे, फक्त खराब सेक्टर वाढताहेत, अशा वेळी ती आधी उपटू नका. मोकळ्या पोर्टला नवी लावा आणि एमडीएडीएम या लिनक्सच्या रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा रिप्लेस पर्याय वापरा. जुनीवरून नवीवर नक्कल होईपर्यंत जुनी गटातच राहते. काढताना लिनक्सने डिस्कना दिलेल्या एसडीबी, एसडीसी या नावांवर जाऊ नका, रिबूटनंतर ती बदलू शकतात. सीरियल नंबर ट्रेवर आधीच चिकटवून ठेवा. चुकून चांगली डिस्क ओढली जाणं, हे मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण ते पूर्ण टाळता येतं.

यूपीएस हवाच. वळवाच्या पावसात वीज गेली आणि डेटा लिहून झाला पण पॅरिटी राहिली, तर बेरीज चुकीची ठरते.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. २०१९ च्या कृष्णेच्या महापुरासारखं पाणी आलं तर चारही डिस्क एकाच पेटीत बुडतात. एक प्रत दुसऱ्या गावात ठेवा. पाणी चढायच्या आत मशीन बंद करून डिस्क काढून नेता आल्या तर न्या. लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड असेल तर दुसऱ्या मशीनला कुठल्याही क्रमाने लावल्या तरी डिस्कवरच्या नोंदीवरून गट जुळतो. रेड चालवणारं वेगळं हार्डवेअर कार्ड असेल तर तेही सोबत घ्या.