चुलतमधला चु, जुनामधला जु

लेकीच्या पाळणाघरात प्रत्येक मुलाच्या बुटांच्या कप्प्यावर हिरागाना या जपानी लिपीत नाव लिहिलेलं असतं. शेजारच्या कप्प्यावरचं नाव मी आठवडाभर ‘त्सुत्सुमी’ असं वाचत होते. त्सुत्सुमी म्हणजे बांधलेलं पुडकं. मुलीचं नाव असं का ठेवलं असेल, हा विचार रोज मनात यायचा. मग एकदा खाली बसून लेकीचे बूट काढताना दुसऱ्या अक्षराच्या खांद्यावरच्या दोन बारीक तिरक्या रेघा दिसल्या. तेवढ्यानं त्सुचा झु होतो. नाव होतं त्सुझुमी.

त्सुझुमी हे एक वाद्य आहे, मध्ये बारीक आणि दोन्ही तोंडांना रुंद, आपल्या डमरूच्या घाटाचं. मुलीची आजी ते शिकलेली, म्हणून नातीला हे नाव, असं तिच्या आईनं सांगितलं. नंतर मी तोक्योत सेंदागायाच्या राष्ट्रीय ‘नो’ नाट्यगृहात (‘नो’ हा जुना जपानी नाट्यप्रकार) मुद्दाम ते ऐकायला गेले. छोटी त्सुझुमी उजव्या खांद्यावर धरतात. डावा हात केशरी दोऱ्या आवळतो, सैल सोडतो आणि त्याबरोबर स्वर चढतो, उतरतो. घोड्याचं कातडं ओलसर राहावं म्हणून वादक त्यावर तोंडानं वाफ सोडतो. मोठ्या त्सुझुमीचं उलटं, तिचं कातडं आधी निखाऱ्यावर तापवून कडक करतात. हे कळलं तेव्हा गावच्या जत्रेत हलगी शेकत बसलेली माणसं डोळ्यांसमोर आली.

असं नाव इथेही क्वचितच कानावर पडतं. नावांची लाट जपानमध्ये भारी असते. १९२६ साली शोवा कालखंड सुरू झाला आणि त्यातलं ‘वा’चं अक्षर (तेच ‘काझु’ असंही वाचतात) घेऊन लिहिलेलं काझुको हे नाव पुढे कितीतरी वर्षं मुलींमध्ये पहिलं राहिलं. आजी-पणजींच्या पिढीत जिकडेतिकडे ‘को’नं संपणारी नावं. आता हिमारी, रिन, त्सुमुगी यांचे दिवस आहेत. मेईजी यासुदा ही विमा कंपनी दरवर्षी अशी यादी काढते आणि ती बातम्यांत झळकते. त्सुझुमी त्या वरच्या नावांत नाही, आणि मला तेच आवडतं. घरातल्या एका माणसाची आठवण त्यात आहे.

पण दुर्मिळ नावाचा उच्चार सांभाळावा लागतो. कांजीत, म्हणजे चिनी अक्षरांत, हे नाव एकाच अक्षरात लिहितात आणि तेच अक्षर ‘ताइको’ या ढोलाच्या नावात ‘को’ असं वाचलं जातं. म्हणजे नुसतं लिहिलेलं पाहून अनोळखी माणूस अडखळणारच. इतकी वर्षं इथल्या कुटुंब नोंदवहीत, म्हणजे कोसेकीत, नावाचा उच्चार नोंदलेलाच नसायचा. २६ मे २०२५ पासून तो नोंदणं कायद्यानं सक्तीचं झालं. फार आधी व्हायला हवं होतं हे! शिवाय जपानी माणसांची जीभही या शब्दावर घसरते. मिटक्या मारत खाणं म्हणजे ‘शिता-त्सुझुमी’, जिभेची त्सुझुमी. पण त्याचं ‘शिता-झुत्सुमी’ इतक्या जणांनी केलं की शब्दकोशांनीही ते घेतलं.

इंग्रजीच्या सवयीनं बोलणारे सुरुवातीचा ‘त्’ खाऊन ‘सुझुमी’ म्हणतात. आपण देवनागरीत ‘त्सु’ असं जोडाक्षर लिहितो आणि वाचताना तोंड वेडंवाकडं करतो, २००४ साली वर्तमानपत्रांत ‘त्सुनामी’ वाचताना केलं होतं तसं. खरं तर हा आवाज आपल्या घरचाच. चुलतमधला चु, जुनामधला जु आणि आपला मी. तिन्ही अक्षरांना सारखाच वेळ द्यायचा, कुठेही लांबवायचं नाही.

हे मी साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉलवर सांगत होते. पाळणाघर सुटलं होतं, पोरी दारात बूट चढवत होत्या. आईनं एकदा पुटपुटून पाहिलं आणि मग, ती नातवंडांना मारते तशी, खणखणीत हाक मारली, “चुजुमीऽ!”

एक पाय बुटात, एक बाहेर, अशी ती पोर वळली आणि म्हणाली, “हाइ!”

“अगं,” आई म्हणाली, “ओ दिली की तिनं.”