बनगावची ती रात्र आणि मीठ-साखरेचं पाणी

१९७१ चा जुलै. माझी इंटर्नशिप नुकतीच संपली होती. पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे सुरूच होते. मुंबईहून निघालेल्या डॉक्टरांच्या तुकडीत मी नाव दिलं आणि जेसोर रोडवर, पश्चिम बंगालातल्या बनगावजवळच्या छावणीत पोचलो.

दवाखाना म्हणजे शाळेची इमारत. फळ्यावर खडूने मांडलेली वजाबाकी तशीच होती आणि खाली जमिनीवर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, पोरं ओळीने निजलेली. सलाइनच्या बाटल्या मोजक्या. शीर शोधायची तर हगवणीत नि उलटीत गुडघे टेकूनच बसावं लागे.

पहिल्या रात्री आठेक वर्षांची एक मुलगी गेली. बाटलीची वाट बघण्यात दोन तास गेले होते. पाजायचं मीठ-साखरेचं पाणी माझ्या हाताशी होतं, पण वरिष्ठ म्हणाले, "पटकीत पोटातून काही लागू पडत नाही." मी ऐकलं. आजही ते मला सलतं.

बनगावच्या इस्पितळात डॉ. दिलीप महालनबीस तेच पाणी पाजत होते. कलकत्त्यात भरलेल्या पुड्या यायच्या. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. ग्लुकोजबरोबर आतडं मीठ आत घेतं आणि मिठामागे पाणी जातं. लोकांचा विश्वास बसावा म्हणून ते त्याला 'ओरल सलाइन' म्हणत. अगदी गळून गेलेल्याला आधी शिरेतूनच द्यावं लागायचं, पण बाकीच्यांचं यावर भागायचं.

दुसऱ्या दिवशी पाचवीतला एक मुलगा आला. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी. पण नाडी हाताला लागत होती. या वेळी मी कुणाला विचारलं नाही. त्याच पाण्याचा पेला भरला आणि त्याच्या आईच्या हातात चमचा दिला.

अवघड काम इथूनच सुरू झालं. उलटी झाली की ती हात आखडता घ्यायची. मी सांगायचो, दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा एकेक चमचा. बंगालीतले दोनच शब्द मला येत होते, "आर एकटू." आणखी थोडं. रात्रभर तेवढंच बोललो. पहाटे मुलाला लघवी झाली आणि आई मोठ्याने रडायला लागली. मला आधी कळेना, काय बिनसलं! मग तिने पोराच्या ओल्या चड्डीकडे बोट दाखवलं. अंगात पाणी परतलं होतं.

महालनबीसांनी पुढे आकडे छापले. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत मृत्यू ३.६ टक्के होते. त्याआधी शंभरातली तीसेक माणसं दगावत होती.

तिसऱ्या दिवशी तो मुलगा भिंतीला टेकून बसला होता. शेजारच्या चटईवरच्या लहान पोरीने तोंड फिरवलं, तसा त्याने तिच्या बापाच्या हातातला चमचा घेतला आणि माझ्यासारख्याच मोडक्या उच्चारात म्हणाला, "आर एकटू."