पाजणाऱ्याची जबाबदारी

‘त्याचा तोच प्यायला, आम्ही काही जबरदस्ती केली नाही.’ फ्रेशर्स पार्टीत दारू पिऊन एखादं पोर दगावलं की सिनियर्सचं पहिलं वाक्य हेच असतं. कायद्यापुढे ते फारसं टिकत नाही. महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंगविरोधी कायद्यात, विद्यार्थी एरवी राजीखुशीने करणार नाही अशी गोष्ट त्याला करायला सांगणं हेसुद्धा रॅगिंगच आहे, मग ते कॉलेजच्या आत असो वा बाहेर. त्यामुळे येऊरचा बंगला किंवा खारघरचा भाड्याचा फ्लॅट गाठला म्हणून कुणी सुटत नाही. शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद आणि 10 हजारांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्याला कॉलेजातून काढतात आणि पुढची 5 वर्षं दुसरीकडेही प्रवेश मिळत नाही.

आता हिशेब बघा. 30 मिलीच्या स्मॉल पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि यकृत तासाभरात जेमतेम तेवढंच निपटतं. क्वार्टर म्हणजे सहा पेग. 60 किलोच्या मुलाने पैजेवर हाफ, म्हणजे 375 मिली, भराभर संपवली तर रक्तातलं प्रमाण 0.3 टक्क्यांच्या आसपास जातं. तिथून पुढे श्वास मंदावायला लागतो. मुलींच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच पेगला त्यांना जास्त चढते. शिवाय पोटातली दारू रक्तात उतरतच असते. शेवटच्या घोटानंतरही तासभर प्रमाण वाढत राहू शकतं. ‘झोपलाय, झोपू दे’ म्हणून दार लोटून घेतात, ते नेमकं याच वेळेला.

अमेरिकेत फेब्रुवारी 2017 मध्ये पेन स्टेट विद्यापीठातला 19 वर्षांचा टिमोथी पियाझा असाच गेला. फ्रॅटर्निटीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खासगी क्लबात, प्रवेशाच्या रात्री त्याला दारू पाजली गेली, तो तळघराच्या जिन्यावरून पडला, आणि अँब्युलन्सला फोन गेला सुमारे 12 तासांनी. मधल्या वेळात त्याने उताणं होऊ नये म्हणून पोरांनी त्याच्या पाठीला पुस्तकं भरलेली सॅक अडकवली. म्हणजे उलटीने गुदमरण्याचा धोका त्यांना कळत होता. डोक्याला जबर मार होता, प्लीहा फाटली होती, पण सगळे नशाच समजत राहिले. पुढे 2018 मध्ये पेनसिल्व्हेनियाने कायदाच केला: ‘त्याची संमती होती’ हा बचाव चालणार नाही. मला हे अगदी योग्य वाटतं. नव्या मुलाने सिनियर्सच्या घोळक्यात दिलेल्या होकाराला काय अर्थ असतो?

पार्टीत कुणी पिऊन निपचित पडला, तर त्याचा खांदा जोरात हलवून, नाव घेऊन हाक मारा. तो जागा होत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, ओठ निळसर किंवा अंग गार लागत असेल, तर 108 लावा. एवढ्यातली एक खूण पुरे, बाकीच्यांची वाट बघू नका. त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडा, वरच्या हाताचा पंजा गालाखाली ठेवा, तोंड जरा खाली झुकलेलं. उताणा ठेवला तर उलटी श्वासनलिकेत जाते, कारण शुद्ध हरपली की ठसका लागत नाही. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ, घशात बोट घालणं, यातलं काहीही करू नका. तो पडला असेल तर ते आवर्जून सांगा, मान वेडीवाकडी वळवू नका, आणि गाडी येईपर्यंत एकाने शेजारून हलायचं नाही.

पोलिसांच्या भीतीने फोन लांबवतात. महाराष्ट्रात बीअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षांची अट आहे, त्यामुळे भीती खरी आहे. पण मुलगा दगावला तर प्रकरण निष्काळजीपणाने मृत्यूपर्यंत जातं, आणि त्याला भारतीय न्याय संहितेत 5 वर्षांपर्यंत कैद आहे.

कॉलेजंही यातून मोकळी नाहीत. त्याच 1999 च्या कायद्यानुसार, रॅगिंगची लेखी तक्रार आल्यावर प्राचार्यांनी 7 दिवसांत चौकशी करायची, सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार ताबडतोब पोलीस ठाण्यात पाठवायची. ‘आपसात मिटवा’ म्हणत दाबून ठेवली तर कायदा प्राचार्यांनाही गुन्ह्याला साथ देणारे मानतो. म्हणून तक्रार तोंडी नको. लेखी द्या, पोच घ्या आणि 1800-180-5522 या रॅगिंगविरोधी हेल्पलाइनवरही नोंदवा.