यंग इंडियाच्या तबकड्या : चाळीसपैकी सतरा झाल्या

माझ्याकडच्या 'यंग इंडिया' लेबलच्या चाळीस जुन्या ग्रामोफोन तबकड्या मी संगणकावर उतरवतोय. मागच्या नोंदीत नऊवर थांबलो होतो. आता सतरा तबकड्या धुऊन, वाजवून, संगणकावर उतरवून झाल्या. दोन महिन्यांत आठच. सगळा वेळ खाल्ला तो एका गोष्टीनं, तबकडीच्या वेगानं.

या लेबलशी ओळख नसलेल्यांसाठी आधी थोडं. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनं १९३५ ते १९५५ या काळात मुंबईत 'यंग इंडिया' चालवलं. कारखाना वडाळ्याला, स्टुडिओ स्वतःचा. दहा हजारांच्या आसपास ध्वनिमुद्रणं केली, आणि त्यांत मोठी नावं कमी. हौशी गायक, गुणी पोरं, आज कुणाला आठवत नाहीत असे वादक जास्त. कंपनी बंद पडली, पुढे कॅसेट-सीडीवर हे आवाज आले नाहीत. त्या काळच्या मुंबईत घराघरांत, गल्लीबोळांत कसं गायलं जात होतं हे ऐकायचं तर माझ्या मते याच तबकड्या लावाव्यात. ब्रिटिश लायब्ररीच्या एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅममधून (नष्ट होऊ घातलेले जुने संग्रह जपणारा उपक्रम) या लेबलच्या बऱ्याच तबकड्या उतरवल्या गेल्या आहेत, म्हणून आधी तिथल्या यादीशी नंबर ताडून पाहतो. तिथे नसलेल्या तबकड्या पहिल्यांदा हातात घेतो.

आता वेगाचं. लेबलवर ७८ (मिनिटाला ७८ फेरे) असलं तरी मुद्रण त्याच वेगानं झालं असेल असं धरून चालू नका. ७६ वर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली की आवाज जवळजवळ अर्धी पट्टी वर चढतो. अकराव्या तबकडीवरची बाई मला फार कोवळ्या वयाची वाटली होती. तीन दिवस तसंच समजून ऐकलं. मग साथीच्या पेटीकडे लक्ष गेलं. षड्ज काळी चार आणि पांढरी सहा यांच्या अगदी मधोमध पडत होता. जुन्या पेट्यांची जुळवणी आजच्यासारखीच असेल असं नाही, त्यामुळे एवढ्यावर निकाल दिला नाही. त्याच सुमाराच्या मॅट्रिक्स नंबरची (तबकडीवर उमटवलेला मुद्रणाचा क्रमांक) दुसरी तबकडी माझ्याकडे होती, गायक वेगळा, पण तिचाही षड्ज तितकाच सरकलेला. दोन्ही ७६ वर आणल्या तेव्हा त्या काळी चारावर नीट बसल्या आणि बाईचा आवाज एकदम पोक्त झाला. तिच्या मींडेतला, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यातला, ठहराव तेव्हा कुठे कळला. त्या संध्याकाळी दुसरं काही वाजवलं नाही.

तेव्हापासून क्रम बदलला आहे. आधी वेग, मग बाकी सगळं. खरखर काढायची घाई तर मुळीच नाही. सॉफ्टवेअर जरा जास्त लावलं की तंबोऱ्याची जवारी आणि तबल्याची किनार खरखरीबरोबरच निघून जाते. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवतो, साफ केलेली वेगळी.

सुईबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. नंतरच्या बारीक खाचेच्या एलपी तबकड्यांची सुई या रुंद खाचेत तळाशी घासत जाते आणि नुसता कचरा ऐकवते. ७८ साठी सुमारे ७५ मायक्रॉनची हवी. झिजलेल्या तबकडीला किंचित जाड किंवा बारीक सुई लावून पाहा, खाचेच्या भिंतीचा न झिजलेला भाग सापडतो. माझ्या पाच तबकड्या अशाच वाचल्या. सुई जिच्यात बसते ती कार्ट्रिज स्टीरिओ असेल तर दोन्ही वाहिन्या एकत्र करा, खाचेतला उभा खडखडाट बराचसा आपसांत कटतो. प्रीअँपमधली आरआयएए जुळणी (खालच्या-वरच्या स्वरांचा समतोल साधण्याचं ठरलेलं प्रमाण) १९५४ नंतरची आहे, ती या तबकड्यांना लावली तर आवाज दबतो. मी सपाट मुद्रण करून नंतर कानानं जुळवतो.

धुताना स्पिरिट वापरू नका. या तबकड्या लाखेच्या आहेत, आणि लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि लेबल कोरडं ठेवायचं.

उरलेल्या तेवीसपैकी चारांना तडे आहेत. एकीचा तडा कडेपासून लेबलापर्यंत गेलाय, पण तुकडे अजून सुटलेले नाहीत. तिला सर्वांत शेवटी हात लावायचं ठरवलं होतं. आता वाटतं, पुढची तीच घ्यावी, पावसाळ्याची दमट हवा सुरू व्हायच्या आत. तिच्या दुसऱ्या बाजूवर सनईचं लेबल आहे, वादकाचं नाव अर्धं पुसलेलं. मॅट्रिक्स नंबर मात्र स्वच्छ वाचता येतो.